शिल्लकराव आणि बावीस उघड्या सीड्या

शिल्लकरावांवर मी एकोणीस वर्षं चिडत आले. एवढं सातत्य मी दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत दाखवलेलं नाही. नवऱ्यावरचा राग संध्याकाळपर्यंत उतरतो, मुलीवरचा तर तिने 'आई' म्हटलं की संपतो. पण शिल्लकरावांवरचा राग मी रोज सकाळी साडेदहाला कुलूप काढताना नव्याने सुरू करायचे आणि साडेपाचला कुलूप लावताना उद्यासाठी ठेवून द्यायचे.

आमचं ग्रंथालय बोलक्या पुस्तकांचं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी पुस्तक मोठ्याने वाचतं, आम्ही ते ध्वनिमुद्रित करतो आणि घरी ऐकायला देतो. पूर्वी कॅसेटवर द्यायचो, नंतर सीडीवर द्यायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी, म्हणजे ग्रंथपाल, माझी कपाटं आणि माझं टेबल. आतल्या खोलीत रेकॉर्डिस्ट, म्हणजे ते. तिथल्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, टेबलावर जाड चादर, कारण उघड्या लाकडावर पान उलटलं की त्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो. खाली सुताराचा कारखाना. त्याची करवत चालू असली की गाद्या असून नसल्यासारख्या. म्हणून आमचं वाचन दुपारी एक ते अडीच, सुतार जेवून लवंडतो तेवढ्या वेळात.

शिल्लकराव हे खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते नाव ठेवलं हेडबाईंनी. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, आमच्याकडे विनामोबदला पुस्तकं वाचायला यायच्या. आवाज असा की करवतीनेही दोन पावलं मागे सरावं. आमच्या सीडी रेकॉर्डरवर एक छोटी हिरवी पट्टी होती, सीडीवर अजून किती मिनिटं जागा आहे ते ती दाखवायची. हेडबाई जिना चढून आल्या की आदल्या प्रकरणाच्या सीडीबद्दल यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद शिल्लक." वाचन छान झालं नाही, दमलात का नाही, पाणी हवं का नाही. हेडबाई एक दिवस म्हणाल्या, "अहो शिल्लकराव, माझ्यात किती शिल्लक आहे तेही बघा जरा." तेव्हापासून तेच नाव. त्यांनी ते निमूटपणे घेतलं. त्यांना त्यात काही खोचक आहे असं वाटलंच नसावं.

माणूस कामात वाकबगार होता, हे कबूल करायलाच हवं. तरुणपणी मामाच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे, तिथे कान तयार झालेला. हेडबाई आधी टेपवर वाचायच्या. मग शिल्लकराव ती टेप ऐकत ऐकत सीडीवर उतरवायचे. खोकला आला की बरोबर त्याच्या आधी थांबवणार, खोकला संपला की बरोबर त्याच्या नंतर चालू करणार. ऐकणाऱ्याला सांधा सापडायचा नाही. सीडीवर चुकीला माफी नसते. टेपवर चुकलं तर वरून पुन्हा भरता येतं. सीडीवर लेझरचा किरण जे भाजून ठेवतो ते कायमचं. म्हणून हे सीडी नेहमी कडेला दोन बोटांनी धरणार, उतरवताना श्वासही बेताने घेणार. एकदा दूर कुठेतरी स्कूटरचा हॉर्न वाजला. मला तो तीनदा ऐकूनही ऐकू आला नाही, पण यांनी सबंध प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. हेडबाईंनी वाचलं. मी असते तर त्यांनाच वाचायला लावलं असतं.

आता त्यांचं दुखणं. सीडीवर आवाज भरून झाला की शेवटी एक काम उरतं. सीडीच्या आतल्या कडेला कुठे काय आहे त्याची अनुक्रमणिका लिहावी लागते. त्याला आम्ही सीडी बंद करणं म्हणायचो. रेकॉर्डरवर समोरच त्याचं बटण, दोनदा दाबायचं, चार मिनिटं वाट बघायची, झालं. बंद केलेली सीडी कुणाच्याही घरच्या प्लेअरवर वाजते, फक्त तिच्यात पुढे काही भरता येत नाही. आणि बंद न केलेली, म्हणजे उघडी सीडी, ती फक्त रेकॉर्डरवर वाजते. घरच्या प्लेअरला ती कोरी वाटते.

शिल्लकरावांना सीडी बंद करवत नसे. तिच्यात दहा मिनिटं राहिली असोत की दोन, त्यांचा जीव तिथे अडकायचा. "बंद केली की संपलं हो बाई. मग त्या जागेचा काही उपयोग नाही." याला कारण होतं. सीड्या नव्या आल्या तेव्हा मुख्य कार्यालयाने मोजून पन्नास पाठवल्या, प्रत्येकीला क्रमांक, वाया गेली तर लेखी खुलासा. पहिल्याच दिवशी शिल्लकरावांचं बोट चुकीच्या बटणावर पडलं आणि अकरा मिनिटं भरलेली सीडी बंद झाली. खुलासा त्यांना तीनदा लिहावा लागला, कारण दोनदा तो 'असमाधानकारक' म्हणून परत आला. तेव्हापासून त्या बटणाची त्यांनी धास्तीच घेतली. त्यांची बायको एकदा डबा विसरला म्हणून द्यायला आली होती, तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "घरी या, दाखवते. झिजलेले साबण एकमेकांना चिकटवून ठेवतो हा माणूस. वहीचं शेवटचं पान कधी लिहीत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, लग्नातल्या अत्तराची बाटली अजून तळाशी तशीच आहे." आणि मग दोघी हसलो, ती खरं आणि मी वरवर.

सभासद तक्रार करायचे, सीडी वाजत नाही म्हणून परत आणायचे. मी शिल्लकरावांच्या कानीकपाळी ओरडायचे, मग ते नाराजीने तेवढी बंद करून द्यायचे. दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी.

अशात ऑपरेटरबाई आल्या.

त्या एका सरकारी कार्यालयात टेलिफोनवर होत्या, एकवीस वर्षं. दृष्टी लहानपणीच गेलेली. चव्वेचाळीस वर्षांच्या, चालण्यात घाई, बोलण्यातही. खात्याची एक परीक्षा होती, ती दिली की लिपिकाची खुर्ची मिळते. पंचेचाळीसनंतर परीक्षेला बसता येत नाही. दोनदा त्या बसल्या होत्या, दोन्ही वेळा दुसऱ्याने सवडीने वाचून दाखवलं तेवढ्यावर. ही तिसरी वेळ, आणि शेवटची. नियमावलीचा जाडजूड ग्रंथ त्यांनी माझ्या टेबलावर आदळला.

"हे मला पूर्ण हवंय," त्या म्हणाल्या. "महत्त्वाचं तेवढं, असं नको. महत्त्वाचं काय ते दरवेळी दुसरंच कुणीतरी ठरवतं, आणि पेपरात नेमकं उरलेलं येतं."

मी म्हटलं, "होईल. पण एवढं सगळं कशासाठी? तुमची नोकरी तर पक्की आहे."

"पक्की आहे हो. एकवीस वर्षं मी लोकांना दुसऱ्यांशी जोडून देतेय. माझ्याशी बोलायचं म्हणून कुणी फोन करत नाही. एकदा माझ्या टेबलावर माझ्या कामाचा फोन यावा, एवढंच."

हेडबाईंनी साडेतीन महिन्यांत नियमावली वाचून काढली. एक प्रकरण एक सीडी, अशा बावीस सीड्या. साधारण प्रत्येकीवर तासभर वाचन, वीसेक मिनिटं मोकळी. टेपा आमच्याकडे चांगल्या सहाच, त्या पुसून पुसून पुढच्या प्रकरणासाठी, मग पुढच्या पुस्तकासाठी वापरायच्या. म्हणजे जे काही होतं ते त्या बावीस सीड्यांवरच होतं. शिल्लकरावांनी प्रत्येकीच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं, शिल्लक इतकी, आणि बावीसच्या बावीस उघड्या ठेवल्या.

ह्या वेळी त्यांच्याकडे कारणही होतं. नियमांना दुरुस्त्या होत असतात, त्यांची पत्रकं निघतात. त्या दुरुस्त्या ज्या त्या प्रकरणाच्या शेवटी भरायच्या, म्हणून जागा हवी, म्हणून उघड्या.

"दुरुस्त्यांची वेगळी सीडी करा आणि ह्या बंद करून देऊन टाका," मी म्हटलं.

"म्हणजे नियम एकीकडे ऐकायचा आणि दुरुस्ती दुसरीकडे? ही काढा, ती घाला, त्यात शोधा? तुम्हाला दिसतं बाई, म्हणून तुम्हाला सोपं वाटतं."

आणि वाईट म्हणजे, त्यानंतर दुरुस्तीपत्रक खरंच आलं. मग दुसरं आलं. हेडबाई येऊन तीन-तीन, चार-चार मिनिटं वाचून गेल्या आणि शिल्लकरावांनी ते जिथल्या तिथे बसवलं. "बघा," ते मला म्हणाले, "बंद केल्या असत्या तर?" त्या दिवशी ते अर्धा इंच उंच झाले होते.

ऑपरेटरबाई दर सोमवारी फोन करायच्या. "झाल्या का?" मी आत जाऊन विचारायचे. शिल्लकराव म्हणायचे, "तिसरं पत्रक येतंय म्हणतात, आठवडाभर थांबा." मी बाहेर येऊन तेच सांगायचे. बावीस सीड्यांची चळत रेकॉर्डरच्या शेजारीच असायची. मी ती रोज बघायचे आणि रोज म्हणायचे, "शिल्लकराव, बंद करा." मी त्यांना लेखी सूचनासुद्धा दिली, जावक क्रमांक घालून. हेडबाईंपाशी कुरकुर केली. घरी नवऱ्यापाशी केली. नवरा म्हणाला, "तुझं ग्रंथालय आहे की त्याचं?" मी त्याच्यावरही चिडले.

परीक्षेला एकोणीस दिवस राहिले तेव्हा तिसरं पत्रक आलं. हेडबाईंनी ते वाचून दिलं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला परगावी मुलीकडे गेल्या. शिल्लकरावांनी पत्रक टेपवरून सातव्या सीडीवर उतरवायला घेतलं. दोन मिनिटांत हिरव्या पट्टीवर चूक दाखवणारी अक्षरं आली. त्यांनी सीडी काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग कोरी सीडी घातली. तेच. मग त्यांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच आपणहून, सीडी बंद करण्याचं बटण दाबून पाहिलं. तेही नाही.

"वाचतंय, पण लिहीत नाहीये," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक.

लिहायला लेझरला जोर लागतो, वाचायला कमी लागतो. जोर संपला होता. आणि अनुक्रमणिका लिहिणं म्हणजेही लिहिणंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जे तोंडात येईल ते मी बोलले. एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं, ते गाद्यांच्या भिंतींनी सगळं शोषून घेतलं असेल. ते उभे राहून ऐकत होते, हातात सातवी सीडी, कडेला दोन बोटांनी धरलेली.

मग तहान लागल्यावर विहीर. दुरुस्तीवाला आला, त्याने झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाला, "ह्याची लेझर आता कुठे मिळते? हे मॉडेल बंद झालं." मुख्य कार्यालयात तसलंच एक यंत्र होतं. मी फोन केला, तर म्हणाले अर्ज दोन प्रतींत पाठवा. पाठवला. उत्तर आलं, आपला प्रस्ताव विचाराधीन आहे. मी सीड्या पिशवीत घालून कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, शिल्लकराव मागे. दुकानदाराने एक सीडी घालून बघितली.

"मॅडम, ही कोरी आहे."

"कोरी नाही," शिल्लकराव म्हणाले. "एकसष्ट मिनिटं आहेत तिच्यात."

"माझा कॉम्प्युटर म्हणतोय कोरी आहे."

"तुमच्या कॉम्प्युटरला कळत नाही."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. बावीस सीड्यांत हेडबाईंचा बावीस तासांहून जास्त आवाज होता, आणि तो माणूस मला विचारत होता, यात गाणी भरून देऊ का. दुसऱ्या दुकानातही तेच. या सगळ्यात पाच दिवस गेले.

उपाय शेवटी शिल्लकरावांनीच काढला. यंत्र वाचतंय ना, मग वाचू दे. सीडी वाजवायची आणि वायर लावून कॅसेटवर उतरवायची. ऑपरेटरबाईंकडे कॅसेट प्लेअर होता. मी बाजारात फिरून कॅसेटी शोधल्या, मिळाल्या तेवढ्या घेतल्या. पण तासाच्या सीडीला तास लागणारच, आणि यंत्र तापायचं. दिवसाला दोन सीड्या, त्यावर नाही. मी म्हटलं, रविवारीही करू. केलं. शिल्लकराव रेकॉर्डरला पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. मला ते बघून हसूही यायचं आणि दोन द्याव्याशाही वाटायच्या.

त्यांनी एक नंबरच्या सीडीपासून सुरुवात केली. अर्थात. दुसरं कुठून करणार? मलाही तेच बरोबर वाटलं. पहिल्या पाच कॅसेटी मी स्वतः नेऊन दिल्या, ऑपरेटरबाईंच्या कार्यालयाच्या तळमजल्यावर, टेलिफोनच्या खोलीत. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"कुठली प्रकरणं आहेत?"

"एक ते पाच."

त्यांनी कॅसेटी हाताने चाचपून मोजल्या. मग म्हणाल्या, "ती मला पाठ आहेत हो. दोन्ही वेळी तीच तर झाली होती. मला सोळाच्या पुढची हवी होती. मला विचारायचंत ना."

मी धावत परत आले. शिल्लकरावांची आठवी चालू होती. मी म्हटलं, "थांबा, सोळा घाला." ते म्हणाले, "ही अर्धी झालीय, अर्धी कशी सोडायची?" मी म्हटलं, "सोडा!" ते म्हणाले, "आणि मग क्रम कसा लागणार?" आमचं भांडण झालं. खाली सुताराने करवत थांबवून ऐकलं असेल. शेवटी मीच म्हटलं, बरं, करा तुमच्या क्रमाने, पण लवकर करा. मला वाटलं होतं की यंत्र टिकेल. परीक्षेला सहा दिवस राहिले तेव्हा पंधरावी सीडी संपली. सोळावी घातली. ती आत फिरत राहिली, फिरत राहिली, आणि हिरवी पट्टी विझल्यासारखी झाली. आता यंत्राला वाचताही येत नव्हतं.

शिल्लकराव खुर्चीवर बसले. त्यांनी सीडी बाहेर काढली आणि पाकिटात घातली. मग पाकिटावरचं पेन्सिलीचं वाचलं. मोठ्याने नाही, पण ओठ हललेले मला दिसले.

उरलेले सहा दिवस आम्ही दोघांनी वाचलं. ग्रंथ होताच. टेपरेकॉर्डर समोर, एक पान मी, एक पान ते. सुताराला जाऊन विनवलं, त्याने रोज दोन तास जास्त दिले, भला माणूस. माझा आवाज दुसऱ्या दिवशी बसला. शिल्लकराव सपाट आवाजात वाचायचे, आणि सवय नसल्यामुळे पान संपलं की म्हणायचे, "पान उलटतो." खोकलाही आला तर तसाच. पुसत बसायला वेळच नव्हता. कलमं इतकी किचकट की आधी मनात वाचून मगच मोठ्याने वाचावी लागायची, त्यामुळे दिवसाला एक प्रकरणही पुरं होत नसे. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस एवढं झालं. वीस, एकवीस आणि बावीस राहिली. रजा, निवृत्तिवेतन आणि शिस्तभंग. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी शिल्लकराव एकोणिसाव्याची कॅसेट घेऊन स्वतः गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या? "पाणी दिलं," ते म्हणाले.

निकाल दोन महिन्यांनी लागला. मला तो ऑपरेटरबाईंच्या कार्यालयात फोन करून कळला, आणि फोन त्यांनीच उचलला. पहिला पेपर सुटला होता. दुसरा सहा गुणांनी गेला. रजेवरचा प्रश्न दहा गुणांचा होता, त्याला त्यांनी हातच लावला नव्हता. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "थांबा, दुसरा फोन आहे," आणि मला तसंच लोंबकळत ठेवून कुणाला तरी कुणाशी तरी जोडून दिलं.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात मुख्य कार्यालयाने यंत्र पाठवलं. सोबत पत्र, 'आपल्या तातडीच्या मागणीनुसार'. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. शिल्लकरावांनी ते टेबलावर चादर सारखी करून ठेवलं, बावीस सीड्या काढल्या आणि एकेक करून बंद करायला सुरुवात केली. मी काही सांगितलं नव्हतं. चार मिनिटं एकीला. मधल्या चार मिनिटांत ते नुसते उभे राहायचे, बसायचे नाहीत. मी बाहेरून बघत होते. कशासाठी आता? कोण ऐकणार आहे? मला ते बघवेना, आणि त्याचाही रागच आला.

ऑपरेटरबाई त्याच दुपारी आल्या. दोन जिने चढून, काठी आणि कापडी पिशवी घेऊन. कॅसेटी परत करायला. ग्रंथालयाची वस्तू आहे, म्हणाल्या, दुसऱ्याला उपयोगी पडेल. एकोणीस मोजून टेबलावर ठेवल्या. मी खुर्ची दिली. पाणी दिलं. आणि मग मला राहवलं नाही.

"तुमचं नुकसान ह्या माणसाने केलं," मी म्हटलं. मुद्दाम आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. "मी सांगून सांगून थकले. रोज सांगत होते, बंद करा, बंद करा. लेखी दिलं. माझ्याकडे प्रत आहे. एकोणीस वर्षं मी हेच सहन करतेय. तुम्ही तक्रार करा, मी सही करते."

मला वाटत होतं त्या चिडतील. दोघी मिळून चिडलो असतो तर मला बरं वाटलं असतं. त्या शांतपणे ऐकत होत्या, फोनवर ऐकत असतील तशा, मान किंचित एका बाजूला.

"बंद करायचं म्हणजे काय करायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"एक बटण असतं."

"अवघड असतं?"

"छे. समोरच असतं. दोनदा दाबायचं."

"खोलीला कुलूप असतं का?"

"असतं, पण किल्ली माझ्याकडेच असते."

"मग सीड्या दुसरीकडे ठेवल्या होत्या का?"

"नाही हो, तिथेच. रोज माझ्या डोळ्यांसमोर होत्या."

हे बोलताना मला काहीच कळलं नव्हतं. मी पुढचं वाक्य तयार करत होते, खुलासा तीनदा लिहावा लागला ते सांगणार होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अहो, म्हणून तर—"

"मग तुम्ही का नाही दाबलंत?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आत रेकॉर्डरचं दार उघडल्याचा आवाज आला, मग पाकिटाचा. माझ्या तोंडून निघालं, "ते त्यांचं काम होतं."

"अच्छा," त्या म्हणाल्या.

त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरली, काठी घेतली आणि उठल्या. मी जिन्यापर्यंत गेले, हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, कठडा धरला. त्या खाली उतरत होत्या तेव्हा मी वर उभी राहून उत्तर शोधत होते. सुताराने करवत चालू केली, तरी मी तिथेच होते.